शेवटची खुर्ची

ग्दिनियाच्या बंदराजवळ अकरा वर्षं मी ताटं उचलली.
डाव्या हातावर तीन, उजव्या हातात एक,
आणि ओठांवर, "आणतेच हं, दोन मिनिटं."
आता बालवाडीत बावीस मुलं सांभाळते.
ओठांवर तेच.

लोक विचारतात, दोन्हींत सारखं काय?
मी म्हणते, बारा वाजता या.
बिटाचं सूप, बावीस वाट्या.
तिमेकला चमचा निळाच हवा.
गायाच्या वाटीत शेपूचं पान तरंगतंय, म्हणून ती रडतेय.
इग्नात्सी फक्त पांढरं खातो :
भात, बटाटा, पावाचा आतला मऊ भाग.

तिथंही एक होते, सात नंबरच्या टेबलावर,
म्हातारे गेरार्द, जन्मभर क्रेन चालवलेले.
दर गुरुवारी हेरिंग मागवायचे,
कांद्याच्या चकत्या बशीच्या काठाला नीट रचायचे
आणि बायकोबद्दल बोलायचे,
जशी काही ती कोट टांगायला गेलीय.
मला वेळ नसायचा. ऐकायचे मी,
पाठीने.

भटारखान्यात रेमिगियुश ओरडायचा, "मागून गरम!"
की आम्ही न बघता अर्धं पाऊल बाजूला.
पहिल्याच आठवड्यात वर्गात माझ्या तोंडून तेच गेलं;
हातात नुसता पाण्याचा जग, तोही गार.
आता रंगाचं पाणी ओतायला निघालेली
चार वर्षांची कालिना गंभीर चेहऱ्यानं म्हणते, "मागून गरम,"
आणि कुणीही बाजूला होत नाही.
पाणी सांडतं.

इथं माझी पंचाईत होते.
तिथं गिऱ्हाइकाला कळायच्या आत टेबल कोरडं असायचं.
इथं हात पाठीमागे धरून उभं राहायचं,
कालिनाला फडकं सापडेपर्यंत.
मग ती ते निळं तळं
अख्ख्या टेबलावर पसरवते,
अगदी मन लावून.
माझे तळवे खाजतात.

जाकिटाची चेन लावायला तिमेकला नऊ मिनिटं लागतात.
नऊ मिनिटांत मी चार टेबलं मोकळी करायचे.
मालक म्हणायचा, हळू म्हणजे तोटा.
इथल्या मोठ्या बाई, सबिना,
माझं मनगट हळूच धरतात. "थांब."
एवढंच शिकवलं त्यांनी मला तीन वर्षांत.
जमलंय, असं म्हणवत नाही.

पगाराचं विचारू नका.
टिप मिळते :
ओला शिंपला, अर्धं बिस्किट, एकदा एक जिवंत गोगलगाय, एप्रनच्या खिशात.
तिथं बशी परत यायची आणि कळायचं,
आवडलं, नाही आवडलं.
इथं मी वाढते, ते वाढतात,
एका सप्टेंबरात मोठ्या शाळेत निघून जातात.
बशी काही परत येत नाही.

पाच वाजता खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवायच्या.
तिथं तो इशारा असायचा : बास, निघा आता.
गेरार्दनाही मी असंच उठवलं होतं एका गुरुवारी,
भोवतीच्या तिन्ही खुर्च्या चढवून.
त्यांनी कांद्याच्या चकत्या मोजल्यासारखं केलं, टोपी घेतली.
पुढच्या गुरुवारी ते आले का,
खरंच आठवत नाही.

आज इग्नात्सीची आई मासळीच्या कारखान्यातून अजून आलेली नाही.
बाहेर अंधार, काचेवर मिठाची बुरशी.
भिंतीवर सशाच्या चित्राखाली एकच कोट.
मी एकवीस खुर्च्या चढवते.
बाविसावीवर तो.
मग चढवलेली एक परत खाली घेते,
दोन वीत उंचीची,
गुडघे हनुवटीला टेकतात, तशीच त्याच्यासमोर बसते.
तो पाव फोडतो, मऊ भाग खातो,
कडा बशीच्या काठाला रचतो
आणि बशी माझ्याकडे सरकवतो.

मी खाते. सावकाश.